धनाजीचं राहून गेलेलं विश्व

धनाजी माणूस म्हणून सोन्यासारखा आहे, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्यावर बरीच चिडणार आहे.

तो आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी तळमजल्यावर. जुळे सोलापुरात अशा बिल्डिंगा ढिगानं आहेत. तीन मजले, वर गच्ची, लिफ्ट नाही. बांधणाऱ्याला वाटलं असावं की इथली माणसं कधी म्हातारी होणारच नाहीत. मी झाले. दोन्ही गुडघे गेले. डॉक्टर म्हणतात बदलून टाका, मी म्हणते बघू. सकाळी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसते, कुणाचं कुरिअर घेते, कुणाची विचारपूस करते, कुणाला ओरडते. पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यातली पहिली बारा ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायच्या कामावर. कानाला हेडफोन आणि पलीकडे आपला नंबर कधी लागतो म्हणून ताटकळणारी माणसं. म्हणून बिल्डिंगमधले सगळे मला एक्स्चेंजकाकू म्हणतात. वैजयंती हे माझं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय.

धनाजी आमच्याकडे आला तो वडिलांना घेऊन. घेऊन म्हणजे अक्षरशः उचलून. प्लास्टिकच्या खुर्चीत म्हातारा, चार बाजूंना चार माणसं, आणि वळणावळणावर "सांभाळून, सांभाळून". मायाप्पा त्यांचं नाव. सांगोल्याकडच्या एका वाडीवरचे. पन्नास वर्षं मेंढरांमागे चाललेला माणूस. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठ गाठायचा, पावसाच्या तोंडावर परत यायचं. आयुष्यात छपराखाली कमी आणि उघड्यावर जास्त झोपलेला. बायको, केराबाई, आधीच गेली होती. मग एके दिवशी रानातच लकवा मारला आणि उजवं अंग गेलं. कळप विकला. खुर्ची त्या दिवशी जी वर गेली, ती नंतर दोनदा दवाखान्यासाठी उतरली तेवढीच. तेव्हाही खाली रिक्षा तयारच होती, त्यामुळे मायाप्पांचा पाय काही जमिनीला लागला नाही.

लकवा मारला तेव्हा धनाजी जर्मनीत होता. पुण्याला पीएचडी करून, पाच-सहा वर्षं तिथंच संशोधन करून मग पुढच्या अभ्यासाला गेलेला, तिसराच महिना होता. वडिलांचं कळलं तसा सगळं सोडून आला. बहीण प्रियदर्शनी नवऱ्याबरोबर मस्कतला असते, तिचा हा फ्लॅट रिकामा होता. वाडीवर ठेवावं तर तिथं व्यायाम घ्यायला कोण येणार, आणि कॉलेज ऐंशी किलोमीटर. इथल्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवतो. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, तोही आला तेव्हा आला. त्यात तळमजल्याचं भाडं निघत नाही. दोन तासांपेक्षा जास्त वेळ घर सोडता येत नाही, कारण म्हाताऱ्याला पालथं-उताणं करायला लागतं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी धनाजीचं जग म्हणजे कॉलेज, मेडिकलचं दुकान आणि तिसरा मजला.

बाकीचा वेळ तो लॅपटॉप घेऊन बसायचा. बिल्डिंगमध्ये तर्क चालायचे. कुणी म्हणे शेअरमध्ये खेळतो, कुणी म्हणे घरून कुठल्यातरी कंपनीचं काम करतो. शेवटी आमचे सेक्रेटरी बसलिंगप्पा यांनी त्याला फाटकात गाठून सरळ विचारलं. धनाजी संकोचून म्हणाला, "विश्व कसं बनलं त्याचं गणित करतो."

"विश्व नंतर बनवा, धनाजीराव," बसलिंगप्पा म्हणाले, "आधी टाकीची मोटर तेवढी बघा की, आज पाणी यायचा दिवस हाय."

धनाजीनं मोटर दुरुस्त करून दिली. तो असाच आहे. दुकानात गेला की "यांना आधी द्या" म्हणणार, रिक्षा थांबली की दुसऱ्याला बसवणार. मला ह्या गोष्टीचा पहिल्यापासून राग. भोळेपणाला लोक चांगुलपणा म्हणतात आणि त्याच्यावर पाय ठेवून पुढे जातात.

गणिताचं मी त्याच्याकडून हळूहळू समजून घेतलं. दुपारी कॉलेजातून आला की तो माझ्या पायरीवर टेकायचा, मी चहा द्यायचे. त्यानं सांगितलं ते असं. एक खोका कल्पायचा, एवढा मोठा की ह्या टोकाचा प्रकाश त्या टोकाला जायला दीड अब्ज वर्षं लागतील. त्यात ठिपके सोडायचे, आठशे एकोणसाठ कोटी. एकेक ठिपका वजनानं चाळीस-पंचेचाळीस कोटी सूर्यांएवढा. सुरुवातीला सगळे जवळजवळ सारखे पसरलेले, कुठं किंचित दाट, कुठं किंचित विरळ, विश्वाच्या जन्मानंतर थोड्याच काळात होतं तसं. मग प्रत्येक ठिपका बाकीच्यांना किती ओढतो याचा हिशेब करायचा, सगळ्यांना तेवढं सरकवायचं, पुन्हा हिशेब, पुन्हा सरकवायचं. असं करत करत तेरा अब्ज ऐंशी कोटी वर्षं पार करून आजच्या दिवसाला यायचं. आज खरं आभाळ कसं दिसतं ते दुर्बिणींनी मोजलेलंच आहे. आपल्या खोक्यातलं त्याच्याशी जुळतं का ते बघायचं. जुळलं नाही तर आपल्याला जे माहीत आहे असं वाटतं, त्यात कुठंतरी खोट आहे.

"हे तुझ्या लॅपटॉपवर?" मी विचारलं.

"नाही हो काकू. ह्याच्यावर केलं तर माझे पणतू म्हातारे होतील. पुण्याला सुपरकॉम्प्युटर आहे. हॉलभर कपाटं, हजारो कॉम्प्युटर एकत्र जोडलेले. मी इथून फक्त काम लावतो."

"मग रोज कपाळाला हात लावून कशाची वाट बघत असतोस?"

"नंबराची."

तेव्हा मला तो एकदम कळला. मशीन एक, मागणारे शेकडो, एका वेळी थोड्याच जणांची कामं त्यात मावतात. प्रत्येकाला एका वेळी चोवीस तास मिळतात. चोवीस तास झाले की मशीन तुमचे सगळे ठिपके आहेत तिथं गोठवून जपून ठेवतं आणि तुम्हाला बाहेर काढतं. पुन्हा रांगेत उभं राहायचं. जितकं जास्त थांबाल तितके पुढं सरकाल. नंबर लागला की गोठवलेलं विश्व जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू. त्याच्या कामाला अशा अडतीस पाळ्या लागणार होत्या, आणि एकेका पाळीसाठी कधी चार दिवस, कधी पंधरा. हे तर आमचंच ट्रंक बुकिंग! आमच्याकडे ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन भाव होते. धनाजी जन्मजात ऑर्डिनरी.

मी दोन वर्षांत दोनदा वर गेले. पहिल्यांदा गेल्या वर्षी संक्रांतीला, तिळगूळ द्यायला. तीन ठिकाणी थांबत, कठडा धरत, गुडघ्यांना शिव्या देत. वर गच्चीखालचा फ्लॅट, जानेवारीतसुद्धा दुपारी तापलेला. मायाप्पा खाटेवर उशीला टेकून बसले होते. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची काळी टाकी आणि आभाळाची एक पट्टी दिसते, बाकी काही नाही. म्हाताऱ्याची नजर त्या पट्टीवर. धनाजीनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. झालेल्या पाळ्यांची चित्रं जोडून त्यानं एक छोटी फिल्म केली होती. आधी नुसतं धुकं. मग धुक्यात गाठी पडायला लागल्या, गाठींना दोरे फुटले, दोरे एकमेकांना जाऊन मिळाले, आणि मधेमधे मोठाल्या काळ्या जागा रिकाम्या होत गेल्या.

मायाप्पांनी डावं बोट पडद्यावर ठेवलं. "ह्ये कोन हाकतंय?"

"कुनी न्हाय, आबा. एकमेकाला वढत्यात." वडिलांशी बोलताना धनाजीची पीएचडी कुठल्या कुठं जाते.

"आन् ह्ये मदलं रान मोकळं का पडलं?"

"तितली समदी निघून गेली. जिकडं गर्दी, तिकडंच अजून गर्दी जाती."

"गावागत की," म्हातारा म्हणाला. धनाजी त्याच रिकाम्या जागांचा अभ्यास करत होता. त्या कशा आणि किती वेगानं रिकाम्या होतात, एवढंच त्याला शोधायचं होतं.

मायाप्पा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचं बोट खोक्याच्या कडेला गेलं. "ह्यो कडंचा ठिपका बाहीर पडला तर रं?"

"उजवीकडनं बाहेर पडला की डावीकडनं आत येतो. तसा नियम घातलाय. न्हाय तर कडंला खोटी भिंत हुती आन् हिशेब चुकतो."

मायाप्पांनी तिळगूळ तोंडात घोळवला. "म्हंजी भित न्हाय," ते म्हणाले, "पर सुटका बी न्हाय."

धनाजीनं लॅपटॉप मिटवला आणि पाणी आणायला आत गेला. मी खाली आल्यावर दिवसभर पाय शेकत बसले.

आता खरी गोष्ट. पुण्यात एका संशोधन संस्थेत जागा निघाली होती, कायमची. धनाजीसाठी शेवटची, कारण पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आतलाच माणूस चालणार होता आणि त्याची आठ वर्षं ह्या एप्रिलमध्ये भरत होती. अर्जाबरोबर पूर्ण झालेलं काम दाखवायचं होतं, अर्धवट नाही. आणि त्या संस्थेत कर्मचाऱ्यांना बैठी घरं मिळतात. धनाजी एकदा शेजाऱ्याला वडिलांपाशी बसवून, पहाटेच्या गाडीनं जाऊन रात्री परत आला होता, तेव्हा त्यानं ती बघितली होती. पुढे अंगण, कडुनिंब, पायरी फक्त एक. "आबांची खाट सकाळी सरळ बाहेर ओढायची, काकू," तो मला म्हणाला होता, "पाय मातीत सोडून बसतील." त्याला नोकरी हवी होती, नाव हवं होतं, हे सगळं खरंच. पण तो जेव्हा जेव्हा बोलायचा तेव्हा त्या एका पायरीबद्दलच बोलायचा.

अडचण एवढीच की मशीनवरचे त्याच्या वाट्याचे तास एकतीस मार्चला संपणार होते. वापरा नाही तर गेले. मार्चच्या वीस तारखेला त्याच्या चौतीस पाळ्या झालेल्या होत्या. खोक्यातलं विश्व अकरा अब्ज वीस कोटी वर्षांचं झालं होतं. चार पाळ्या उरल्या होत्या, त्या सलग घ्यायची परवानगी त्याला मिळाली होती आणि त्याचा नंबर रांगेत दुसरा होता. ह्या चार एकदा लागल्या की झालं. त्या दिवशी तो पायरीवर बसला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाय हलवत चहा पिताना बघितलं.

तेवढ्यात फोन आला. ऋतुजा म्हणून एक मुलगी, त्याच्या जुन्या गाइडकडे पुण्याला पीएचडी करत होती. मला फक्त धनाजीची बाजू ऐकू येत होती.

"बोल ग... नाही, रडू नको आधी... सबमिशन कधी आहे?... किती दिवसांचं काम आहे?... बरं. काढतो मी माझं."

फोन ठेवला आणि तिथंच, चहाचा कप पायरीवर ठेवून, मोबाइलवर दोन ओळी टाइप केल्या. मला वाटलं काहीतरी किरकोळ असेल. दुसरा कप हवा का विचारलं, तो नको म्हणाला.

त्यानं काय केलं होतं ते मला चार दिवसांनी कळलं, त्याचा चेहरा बघून. त्यानं स्वतःचं काम रांगेतून बाजूला काढून उभं केलं होतं, म्हणजे मागच्या ऋतुजाला दोन दिवस आधी मशीन मिळावं. पण त्या मशीनचा नियम असा की बाजूला उभं असताना थांबलेला वेळ मोजत नाहीत. तो परत रांगेत आला तेव्हा त्याच्यापुढे चाळीस माणसं होती. मार्च अखेर, सगळ्यांनाच आपापले तास संपवायचे. त्यात सव्वीसपासून तीन दिवस देखभालीसाठी मशीन बंद, हेही आधीच जाहीर झालेलं होतं.

"तुला नियम ठाऊक नव्हता?" मी विचारलं.

"ठाऊक होता. वाटलं, सव्वीसच्या आत परत नंबर लागेल."

"दोन पावलं पुढं असलेला माणूस आपणहोऊन मागं जातो आणि परत नंबर लागेल म्हणतो! अरे, बारा वर्षं मी ट्रंक बोर्डावर बसले. रोज दहा जणांच्या आज्या मरायच्या. एकेकाची आजी तीन-तीनदा. मी कुणाला पुढं घेतलं नाही."

"कुणालाच नाही?"

"खरंच कुणी गेलं असेल तर घ्यायचे."

"ते कसं ओळखायचा?"

"आवाजावरून."

"तिचा आवाज खरा होता, काकू," धनाजी म्हणाला.

मी गप्प बसणार नव्हतेच. तिला गरज होती तर तुला नव्हती का? तुझ्या बापाला नव्हती का? तेव्हा त्यानं मला वाडीकडची विहिरीवरची रीत सांगितली. त्यांच्याकडे उन्हाळ्यात पाणी दूर असतं. विहिरीवर दगडी डोण, तीत पाणी शेंदून ओतायचं आणि कळपांनी पाळीपाळीनं प्यायचं. पहाटेपासून ताटकळत उभा असलेला कळप डोणीला तोंड लावणार, इतक्यात मागून ओल्या कोकरांचा कळप आला, म्हणजे दोन-चार दिवसांपूर्वी व्यालेल्या मेंढ्या, तर पुढच्यानं न बोलता आपली मेंढरं वळवायची. आलेल्यानं मागायचं नसतं आणि पुढच्यानं विचारायचं नसतं. कोकरांना पाणी मिळेपर्यंत दम नसतो, मोठ्या मेंढराला असतो. "लहानपणी एकदा मी वळवली नव्हती," धनाजी म्हणाला, "तर आबांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तिनं सबमिशन म्हटलं, आणि माझा हात आपोआप गेला. विचार करायला वेळच लागला नाही."

"पण विहिरीचं पाणी एकतीस मार्चला आटत नाही रे," मी म्हटलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर. धनाजी दर तासाला मोबाइल बघायचा. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता बघायचा, वडिलांना पेज भरवताना बघायचा. पुढं चाळीस जण, मग तेवीस, मग अकरा, मग मशीन बंद. तीस तारखेला एक पाळी लागली. एकतीसला संपली. खोक्यातलं विश्व अकरा अब्ज नव्वद कोटी वर्षांवर येऊन थांबलं. शेवटचा टप्पा सगळ्यात हळू असतो, कारण ठिपके दाटलेले असतात आणि बारीक बारीक पावलं टाकावी लागतात. आठशे एकोणसाठ कोटी ठिपके आजच्या दिवसापासून जवळजवळ दोन अब्ज वर्षं अलीकडे गोठले. नव्या तासांसाठी अर्ज करा, निर्णय जुलैत, अशी ईमेल आली. ऋतुजानंही आपले सगळे तास वापरून टाकले होते, त्यामुळे तिलाही त्याला परत काही देता येईना. तिचं सबमिशन झालं. तिनं प्रबंधात त्याचे आभार मानले, ते पान त्याला फोटो काढून पाठवलं. त्यानं मला दाखवलं, आणि खरंच सांगते, तो आनंदानं दाखवत होता.

मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर चढले. ही माझी दुसरी खेप. मला मायाप्पांना सांगायचं होतं, कारण धनाजीनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. म्हातारा अजून कडुनिंबाच्या आशेवर होता. माझ्या मनात होतं की बाप तरी ह्याला चार शब्द सुनावेल. धनाजी दारातच म्हणाला, "काकू, कशाला चढलात?" मी त्याला ढकलून आत गेले, खाटेजवळ बसले, धाप गेल्यावर सगळं सांगितलं. पुण्याचं आता होणार नाही, आणि का होणार नाही तेही.

मायाप्पांनी शांतपणे ऐकलं. तोंडाची एक बाजू वाकडी झाल्यामुळे त्यांना हसू येतंय की रडू ते कळत नाही.

"त्या पोरीचं काम झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं," धनाजी म्हणाला.

"मग ब्येस केलंस."

मी कपाळावर हात मारला. "अहो, तुमचं अंगण गेलं! तुमाला कळतंय का?"

"कळतंय की, बाई," म्हातारा म्हणाला. "कोकरं आल्यावर काय करनार?" आणि मग डाव्या हातानं आपला उजवा, मेलेला पाय उचलून त्यांनी जरा सरळ केला, जसं काही तो दुसऱ्याचाच असावा. "माजं काय. म्या हाय हितंच."

हे ऐकून धनाजी स्वयंपाकघरात गेला तो बाहेर आलाच नाही. मी त्याच्या मागे गेले. तो गॅसपाशी उभा होता, गॅस पेटवलेला नव्हता. मला त्याची दया आली, आणि दया आली की मी जास्तच ओरडते.

"सगळ्या जगाला तू पुढं जाऊ देतोस. तुला कोण पुढं जाऊ देणार? न मागता तुला कोण काही देणार आहे? तोंड उघडून माग! आयुष्यात एकदा तरी कुणाकडं काही माग!"

"व्हय काकू," तो म्हणाला. एवढंच.

अर्ज त्यानं तरीही केला, अर्धवट कामासकट. मे महिन्यात नकार आला. त्यात लिहिलं होतं की काम उल्लेखनीय आहे, परंतु निष्कर्ष आजच्या काळापर्यंत पोचत नाहीत. वाक्य खोटं नव्हतं.

मेमध्ये वरचा फ्लॅट भट्टी होतो. मायाप्पांच्या पाठीला घामानं जखम झाली. धनाजी दिवसातून चारदा गच्चीवर पाणी मारायचा, ते पाच मिनिटांत वाळायचं. पायरीवर बसणं त्यानं कमी केलं. येता-जाता "बरं हाय का काकू" म्हणायचा आणि वर जायचा. मीही आवाज द्यायचे नाही. आपण त्याला जरा जास्तच बोललो असं मला वाटायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तो खाली आला. मी फाटकाजवळ खुर्चीत होते. तो नेहमीसारखा पायरीवर टेकला नाही, समोर उभा राहिला, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा.

"काकू, एक विचारायचं होतं. तुमीच म्हणला होता, माग म्हणून."

"बोल की," मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता. वाटलं, कुणाच्या ओळखीचं काम असेल, खात्यातल्या कुणाला फोन करायचा असेल.

"तुमचा फ्लॅट आणि आमचा सारखाच हाय. दोन खोल्या, किचन. चार महिने अदलाबदल केली तर? आबांची पाठ बरी होईस्तोवर. दसऱ्यापर्यंत. त्यांना सकाळी इथं बाहेर बसवता येईल." त्यानं माझ्या खुर्चीखालच्या जमिनीकडे बघितलं आणि लगेच नजर उचलली. "सगळं सामान मी नेतो. दूध, भाजी, औषध, सगळं वर आणून देईन. तुमाला एकदाही खाली उतरावं लागणार नाही."

त्यानं ते मला सोय म्हणून सांगितलं. पण ते शेवटचं वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं. एकदाही खाली उतरावं लागणार नाही. मला वरची खोली दिसली, तापलेली, खिडकीतली काळी टाकी, आभाळाची पट्टी. फाटक नाही, कुरिअरवाला नाही, कुणाशी बोलणं नाही. कॅलेंडरवरचे चार महिने. मी तिथं बसलेय आणि खाली कुणाचा तरी आवाज येतोय आणि मला उतरता येत नाही. दोन वर्षं मी "बिचारा म्हातारा, बिचारा म्हातारा" म्हणत होते, पण ते म्हणजे नक्की काय हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"अरे," मी म्हटलं, "माझे गुडघे बघतोस ना तू."

खरं तर गुडघ्यांचा काही संबंध नव्हता. तो मला खुर्चीत बसवून वर न्यायला तयार होता, आणि नंतर चढ-उतार करायचीच नव्हती. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. उलट तो माझीच समजूत काढायला लागला.

"व्हय की. माझ्या ध्यानातच आलं नाही बघा. राहू द्या काकू, सहज विचारलं. आबांना मी सांगितलं बी नव्हतं."

"ऑपरेशन झालं की बघू," मी म्हटलं. ऑपरेशन मी करणार नाही हे बिल्डिंगमधलं शेंबडं पोरही सांगेल.

"हो हो, सावकाश बघू," तो म्हणाला. मग फाटकाची कडी काढता काढता थांबला. "मेडिकलकडं चाललोय. तुमाला काय आणायचंय का?"

मला काही नको होतं. मला तो समोरून जायला हवा होता, एवढंच. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती अजून गेलेली नाही. पण काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "अर्धा लिटर दूध आण."

वीस मिनिटांत त्यानं ते आणून दिलं, "ऊन लई हाय, लगेच तापवून घ्या" म्हणाला, आणि जिना चढून आबांकडे गेला.